न चालणारे प्रोग्रॅमही पास: कंपायलरच्या रंगांच्या एका सेटिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नांदेड जिल्ह्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात घडलं. मी तिथं शिकवतो. संस्थेचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

पहिल्या वर्षाच्या 'सी' या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लॅबला येणारी मुलंमुली लोहा, कंधार, मुखेड, उदगीर, अहमदपूर या बाजूची. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या साधनाचं, इंग्रजी हे प्रकरणच निराळं. एक महिरपी कंस राहून गेला की पडद्यावर संदेशांची रांग लागते, आणि त्यातली आधी कोणती ओळ वाचायची हेच कळत नाही. अशा मुलांना रंगांचा खरा उपयोग होतो. ठळक लाल 'एरर' दिसला की नजर तिथं थांबते. खाली त्यांचीच ओळ छापलेली असते आणि चुकीच्या जागी लाल खूण असते. अर्धविराम राहिला असेल तर तो कुठं हवा हे हिरव्या रंगात सुचवलेलं असतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी हे रोज बघतो: ज्याला ओळ सापडते तो स्वतः दुरुस्त करतो, ज्याला सापडत नाही तो शेजाऱ्याच्या पडद्यावरून उतरवून घेतो.

लॅबच्या मशीनवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आणि तिच्याबरोबर येणारा जीसीसी ११ हा कंपायलर होता. रंगांबद्दल विभागात कोणी काही ठरवलेलं नव्हतं. जे आलं तेच चालू होतं.

सबमिशनसाठी 'तपास' नावाची एक घरगुती आज्ञा होती. विद्यार्थ्यानं ती दिली की विभागाची सामायिक मेकफाइल (कंपाइल कसं करायचं ते लिहून ठेवलेली फाइल) चाले, कंपायलरचे संदेश पडद्यावर येत आणि 'टी' या छोट्या आज्ञेतून त्याच वेळी एका लॉग फाइलीतही जात. संध्याकाळी दुसरी स्क्रिप्ट सगळे लॉग चाळायची. 'ग्रेप' वापरून ती 'एरर' असलेल्या ओळी मोजायची आणि आकडा शून्य असला की 'कंपाइल झाला' अशी नोंद करायची. टर्म वर्कच्या गुणांमध्ये या नोंदीला वजन होतं.

रंग गेले, मग परत आले

साध्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, रंग दिसत, पण 'तपास' दिली की सगळं काळंपांढरं. मुलांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. ज्या क्षणी चूक शोधायची सर्वात जास्त घाई असते, नेमके त्याच क्षणी रंग गायब होत होते.

जीसीसीला रंगाबाबत तीन किल्ल्या असतात: 'ऑलवेज' म्हणजे काहीही झालं तरी रंग, 'नेव्हर' म्हणजे कधीच नाही, आणि 'ऑटो'. ऑटोवर असताना कंपायलर दोन गोष्टी बघतो. आपले एररचे संदेश खरोखर टर्मिनलवर जात आहेत का, आणि ते टर्मिनल स्वतःला 'डंब', म्हणजे रंग न समजणारं, म्हणवत नाही ना. 'तपास'मध्ये संदेश थेट पडद्यावर न जाता पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या वाटेनं, 'टी'कडे जात. कंपायलरच्या दृष्टीनं समोर पाइप होता, म्हणून त्यानं रंग दिले नाहीत. पाइपच्या पलीकडच्या टोकाला मुखेडची एक मुलगी डोळे ताणून बसली आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

लॅबच्या एका सहायकानं सामायिक मेकफाइलमध्ये एक पर्याय वाढवला: ऑलवेज. रंग परत आले, तक्रार मिटली आणि ती गोष्ट सगळे विसरून गेले.

पहिला निर्णयाचा टप्पा इथंच होता. मागणी योग्य होती, उपायही चालला. पण तो उपाय ज्या फाइलीत केला तिचं आउटपुट दोघांकडे जात होतं, माणसाकडे आणि स्क्रिप्टकडे. विचार मात्र एकाचाच झाला.

अडचण कशी उघडी पडली

पहिली खूण जर्नलमध्ये दिसली. मुलं लॉगचा प्रिंटआउट काढून त्यावरून जर्नल लिहितात. एका तासाला एका मुलानं वही पुढं करून विचारलं, "सर, हे बी लिहायचं का?" त्यानं फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक लिहिला होता, आणि त्यापुढे उघडा चौकोनी कंस, शून्य एक, अर्धविराम, तीन एक, 'एम', पुन्हा चौकोनी कंस, 'के', आणि मग 'एरर' हा शब्द. सुवाच्य अक्षरात, रेघेवर. आजूबाजूच्या कितीतरी वह्यांमध्ये तेच होतं. कंपायलरनं लिहिलं म्हणजे ते महत्त्वाचं असणार, या विश्वासानं मुलांनी रंगाचे नियंत्रण संकेत हातानं उतरवले होते. तेव्हा त्याला "ते प्रिंटरचं काहीतरी आहे, सोडून दे" असं सांगितलं गेलं.

दुसरी खूण एका विद्यार्थिनीनं दाखवली. मोजकं बोलणारी, कामात चोख. गुणांची कच्ची यादी लागल्यावर ती विभागात आली. म्हणाली, "मॅडम, माझा प्रोग्रॅम चालतोय. माझ्या शेजारच्याचा कंपाइलच होत नाही, मी बघितलंय. तरी दोघांना सारखंच कसं?" विभागातल्या आमच्या मॅडमनी त्या मुलाचा लॉग 'कॅट' या, फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या आज्ञेनं उघडला. लाल रंगात एरर स्वच्छ दिसत होता, यादीत मात्र 'कंपाइल झाला' लिहिलेलं. मग इतरांचे लॉग उघडले. त्या पंधरवड्यात ज्यांचे प्रोग्रॅम कंपाइल झालेच नव्हते, ते सगळे पास होते.

तिनं विचारलं नसतं तर टर्म वर्कचे गुण तसेच विद्यापीठाकडे गेले असते.

मुळात काय होत होतं

टर्मिनलवरचा रंग ही अक्षरांच्या मध्ये पेरलेली सूचना असते. आधी 'एस्केप' हे न दिसणारं चिन्ह, मग चौकोनी कंस, मग आकडे. ०१ म्हणजे ठळक, ३१ म्हणजे लाल, ३५ म्हणजे किरमिजी, ३६ म्हणजे आकाशी. जीसीसी फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक ठळक करतो, ठळकपणा बंद करतो, एक मोकळी जागा सोडतो, लाल सुरू करतो, मग 'एरर' लिहितो. पडद्यावर विसर्ग-चिन्ह, मोकळी जागा आणि 'एरर' शब्द सलग दिसतात. फाइलीत त्यांच्यामध्ये संकेतांची माळ असते. आमची ग्रेप नेमकी तेच सलग रूप शोधत होती. ते तिला एकदाही सापडलं नाही, आणि न सापडणं म्हणजे शून्य, शून्य म्हणजे पास.

हे इतके दिवस लपलं याचं कारण 'कॅट'. शंका आली की माणूस लॉग कॅटनं बघतो. कॅट सगळे संकेत जसेच्या तसे टर्मिनलला देतो, टर्मिनल त्यांचा रंग करून दाखवतो, आणि लॉग अगदी शहाण्यासारखा दिसतो. 'कॅट'ला न दिसणारी चिन्हं दाखवायला सांगितलं असतं, किंवा फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली असती, तर क्षणात कळलं असतं. प्रिंटरवर जे उमटलं तेच फाइलीचं खरं रूप होतं. वही दाखवणारा मुलगा बरोबर होता.

आणखी खोलवर एक प्रश्न होता: मुळात स्क्रिप्ट शब्द का मोजत होती? कंपाइल झालं की नाही हे कंपायलर स्वतःच सांगतो. यश असेल तर शून्य, नाही तर दुसरा आकडा. पण शेलमध्ये, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पाइपच्या साखळीत शेवटच्या आज्ञेचा निकाल हाच सगळ्या साखळीचा निकाल धरला जातो. शेवटी होती 'टी', आणि तिचं काम कायम यशस्वी. बॅश या शेलमध्ये 'पाइपफेल' चालू केलं की हे सुटतं, पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते माहीत नसावं. निकाल मिळेना म्हणून त्यानं शब्द मोजायचा मार्ग धरला. म्हणजे एकाच पाइपनं रंगही खाल्ला होता आणि निकालही, आणि दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वेळी त्यावर दोन वेगळे तोडगे काढले होते. ते एकमेकांना भिडले तेव्हा हे झालं.

समोरचे पर्याय

विभागाची बैठक झाली. विभागप्रमुख सरांचं मत सरळ होतं: सगळीकडे नेव्हर. रंग नसले तर कुठलाच लॉग बिघडणार नाही. कंपायलरनं वर्षानुवर्षं रंगाशिवाय काम केलंच की. मला हे मत हलकं वाटलं नाही. जीसीसी करणाऱ्यांनीही आधी असाच सावध पवित्रा घेतला होता. २०१४ मध्ये ४.९ या आवृत्तीत रंग आले, पण वापरणाऱ्यानं 'जीसीसी_कलर्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वाचता येणारं, नाव दिलेलं सेटिंग) ठेवलं असेल तरच ते ऑटोवर जात, नाही तर नेव्हर. पुढच्या, म्हणजे ५ या आवृत्तीपासून ऑटो हेच ठरलेलं सेटिंग झालं. उबुंटूमध्ये नव्या वापरकर्त्याच्या बॅशआरसी या, बॅश सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत त्या व्हेरिएबलची एक ओळ अजूनही असते, पुढे शेराचं चिन्ह लावून बंद केलेली. सावध सुरुवातीची ती आठवण आहे.

पण त्या पहिल्या टप्प्यात रंग कोणाला मिळाले असतील? ज्याला व्हेरिएबल म्हणजे काय हे आधीच कळत होतं त्याला. आमच्या लॅबमध्ये नेव्हर ठेवून 'ज्याला हवं त्यानं चालू करावं' म्हणणं म्हणजे ज्याला रंगांची सर्वात जास्त गरज आहे त्यालाच वगळणं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सेटिंग बदलत नाही. सेटिंग बदलता येतं हेच त्याला ठाऊक नसतं. आपण जे ठरवून देतो तेच त्याच्यासाठी कंपायलर असतं. या मुद्द्यावर मी अडून बसलो, आणि आजही माझं मत तेच आहे.

दुसरा पर्याय सहायकाचा: ऑलवेज राहू द्या, लॉगमध्ये जाताना 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेनं संकेत गाळून टाका. चाललं असतं. पण जीसीसी १० पासून टर्मिनलसाठी वॉर्निंगच्या नावात दुवे घालायची सोय आली आहे, आणि तिचे संकेत रंगांच्या संकेतांहून वेगळ्या घडणीचे असतात. आज रंग गाळणारी चाळणी लिहिली, उद्या आणखी काही वेगळं आलं, की पुन्हा तेच. आधी घाण करायची आणि मग गाळायची, ही पद्धत मला पटली नाही.

तिसरा, ऑलवेज काढून गप्प बसणं. मग 'तपास'मध्ये रंग नाहीत आणि मुलांची मूळ तक्रार जशीच्या तशी.

चौथा मॅडमनी मांडला. माणसासाठी एकदा आणि स्क्रिप्टसाठी एकदा, असं दोनदा कंपाइल करायचं. पहिल्या वेळी मध्ये पाइपच नको. संदेश थेट टर्मिनलवर जाऊ द्या, ऑटो आपोआप रंग देईल. दुसऱ्या वेळी संदेश थेट फाइलीत, साधे. पन्नाससाठ ओळींचा प्रोग्रॅम दोनदा कंपाइल करायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. मोठ्या प्रकल्पाला हा मार्ग परवडणार नाही. तिथं कंपाइल करण्याची कामं चालवणारं 'निंजा'सारखं साधन वापरतात. तेही कंपायलरचं आउटपुट पाइपमधूनच घेतं, म्हणून तिथं ऑलवेज द्यावंच लागतं; पण स्वतः टर्मिनलवर लिहीत नसेल तर निंजा ते संकेत काढून टाकतं. म्हणजे ऑलवेज वाईट नाही. पुढे कोण वाचणार आहे हे ज्या थराला माहीत आहे, त्यानं ते द्यावं. आमच्या मेकफाइलला ते माहीत नव्हतं.

रंग कोणते, हा वेगळाच वाद

रंग ठेवायचे ठरल्यावर मॅडमनी प्रोजेक्टरचा विषय काढला. दुपारच्या बॅचला खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. एप्रिलमध्ये त्या बंद करून शिकवणं नांदेडमध्ये कोणाला जमणार नाही. त्या उजेडात उबुंटूच्या जांभळट टर्मिनलवर किरमिजी 'वॉर्निंग' मागच्या बाकांना अजिबात दिसत नव्हतं. एकानं सुचवलं, जीसीसी_कलर्समध्ये ३५ च्या जागी ३३ टाका, पिवळं होईल.

करून बघितलं. जांभळ्यावर छान दिसलं. मग पांढरी पार्श्वभूमी ठेवलेल्या एका मशीनवर बघितलं, तर शब्द जवळजवळ पुसलेला. कंपायलरला पार्श्वभूमी कळत नाही. तो फक्त '३३' म्हणतो. ३३ म्हणजे पिवळ्याची कोणती छटा आणि ती कशावर उमटणार, हे टर्मिनल ठरवतं. तेव्हा कंपायलरच्या आकड्यांना हात लावायचा नाही आणि लॅबच्या सगळ्या टर्मिनलांचं प्रोफाइल एकसारखं करायचं, असं ठरलं: गडद राखाडी पार्श्वभूमी, किरमिजीची उजळ छटा, मोठा फाँट. ग्रेप, गिट, एलएस या आज्ञाही तेच आकडे वापरतात, त्यामुळे एका जागची दुरुस्ती सगळ्यांना लागू पडली.

एका विद्यार्थ्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो, आणि त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं मुलांमध्ये जास्त आढळतो. त्यानं हे आधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाजूला बसून विचारलं तेव्हा म्हणाला की 'एरर' हा शब्द वाचता येतो, त्यामुळे अडत नाही. पण लांबलचक यादीत तो पटकन सापडत नाही. त्याच्या खात्यात एररसाठी लालऐवजी ०७ ठेवला, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल. जीसीसी_कलर्समध्ये रंगच द्यावा लागतो असं नाही, अधोरेखा किंवा उलटा ठसाही चालतो. त्याच्या पडद्यावर एररचा शब्द आता पट्टीसारखा उठून दिसतो. ही सोय प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला जाहीर सांगायची, असंही ठरलं. ज्याला गरज आहे त्यानं हात वर करावा अशी वेळ येऊ नये.

काय केलं

मेकफाइलमधून ऑलवेज काढला आणि ऑटोही लिहिला नाही. जीसीसीचं ठरलेलं तेच आहे, ते पुन्हा लिहून गोंधळ कशाला. 'तपास' नव्यानं लिहिली. पहिली फेरी थेट टर्मिनलवर. दुसऱ्या फेरीत जीसीसी ११ मध्ये आलेला 'प्लेन-आउटपुट' पर्याय, जो रंग, दुवे, ओळींची सजावट सगळं बंद करतो, आणि जोडीला साधं 'सी' लोकेल (भाषेचं सेटिंग), म्हणजे अवतरणचिन्हंही वळणदार न येता सरळ येतात. पास-नापास कंपायलरच्या निकालावरून, शब्द मोजून नाही. लॉग फक्त माणसांना वाचायला.

प्लेन-आउटपुट मेकफाइलमध्ये मुद्दामच घातला नाही. मुलं ती मेकफाइल मोबाइलवर नेतात. टर्मक्स या मोबाइलवरच्या टर्मिनल अ‍ॅपमध्ये जीसीसी म्हणून जे चालतं ते प्रत्यक्षात क्लँग हा दुसरा कंपायलर असतं, आणि क्लँगला जीसीसीचा प्रत्येक पर्याय ओळखता येत नाही. लॅबची सोय करताना घरचा सराव मोडायला नको होता.

निष्पन्न

त्या पंधरवड्यातली सगळी सबमिशनं नव्या आज्ञेनं पुन्हा तपासली. जे कंपाइल होत नव्हते त्यांना नापास न करता दुरुस्तीसाठी एक जादा तास दिला. चूक त्यांची नव्हती, आणि पुष्कळांना आपला प्रोग्रॅम पास झाला याचंच नवल वाटलं होतं. बहुतेकांनी त्याच तासात दुरुस्त करून दिलं. यादी नव्यानं लागली. ज्या विद्यार्थिनीनं विचारलं होतं, तिला मॅडमनी स्वतः बोलावून काय सापडलं ते टर्मिनलवर दाखवलं.

जर्नलमध्ये संकेत येणं थांबलं. ज्यांनी ते उतरवले होते त्यांची पानं बाद केली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, "हे बी लिहायचं का?" हा प्रश्न. पूर्ण उत्तर त्या वहीतच होतं. विद्यार्थी जेव्हा यंत्रानं काय लिहिलं ते जसंच्या तसं दाखवतो, तेव्हा त्याला 'सोडून दे' सांगण्याऐवजी ती फाइल त्याच्यासमोर उघडायला हवी होती. त्यालाही शिकायला मिळालं असतं.

दुसरं, तपासणी करणाऱ्या स्क्रिप्टची तपासणी कोणीच करत नव्हतं. मुद्दाम अर्धविराम गाळलेला एक प्रोग्रॅम रोज संध्याकाळी तिच्यातून घातला असता आणि तो पास झाला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं. आता असा प्रोग्रॅम ठेवला आहे. तो पास झाला तर यादी निघतच नाही.

तिसऱ्या गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. सामायिक मेकफाइल बदलण्याआधी विभागात विचारावं, असा नियम करावा का? सरांना तो हवा आहे. मला भीती वाटते की त्यामुळे सहायक लहानसहान दुरुस्त्याच करणार नाहीत, आणि मुलांच्या रास्त तक्रारी महिनोन्महिने पडून राहतील. तूर्त एवढंच ठरलं आहे: बदल करणाऱ्यानं त्याच फाइलीत, बदलाच्या वर, तो कशासाठी केला आणि हे आउटपुट पुढे कोण वाचतं ते मराठीत दोन ओळींत लिहायचं.